मुळा-मुठा नदीप्रदेश : नियोजन व विकास
पुणे शहर व त्याचा परिसर ज्या नद्यांच्या खोऱ्यात वसला आहे, त्या खोऱ्यातील जमीन, पाणी, वस्ती आणि उद्योग यांच्या मांडणीचा इतिहास. मुळा व मुठा या भीमेच्या उपनद्या असून त्यांच्या काठी गेल्या सुमारे बाराशे वर्षांत एका लहान वस्तीचे रूपांतर महानगरात झाले. या प्रदेशात पाण्याची सोय आधी झाली आणि वस्ती तिच्यामागून वाढली, असे पुन:पुन्हा घडले आहे. पाण्याच्या प्रत्येक नव्या योजनेने शहराला नवी समृद्धी दिली. त्याबरोबरच नदीच्या वरच्या व खालच्या अंगास राहणाऱ्यांवर नवा भार टाकला. हा लाभ आणि हा भार यांची वाटणी कशी करावी, हाच या प्रदेशाच्या नियोजनातील मुख्य प्रश्न होय.

प्राकृतिक पार्श्वभूमी : मुळा, मुठा, मोसी, आंबी व पवना या नद्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावतात. आंबी व मोसी या खडकवासल्याच्या वरच्या बाजूस मुठेला मिळतात, तर पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. पुणे शहरात मुळा व मुठा यांचा संगम होऊन पुढे मुळा-मुठा या जोडनावाने हा प्रवाह पूर्वेस वाहत जातो व रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळतो. तेथून हे पाणी उजनीच्या जलाशयात व पुढे कृष्णेच्या खोऱ्यात जाते. पुण्याच्या नियोजनाचा विचार करताना ही साखळी ध्यानात घ्यावी लागते. कारण शहराच्या सीमेवर नदी संपत नाही.

पर्जन्याचे वितरण अत्यंत विषम आहे. घाटमाथ्यावर वर्षाकाठी अडीचशे ते तीनशे सेंमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात तो सु. ७० सेंमी. असून पूर्वेस दौंड-इंदापूरकडे ५० सेंमी.च्या आसपास येतो. पाऊस जवळजवळ सर्वच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे घाटात साठविलेले पाणी पूर्वेकडील कोरडवाहू भागाला देणे हे या खोऱ्यातील अर्थव्यवस्थेचे मूलतत्त्व ठरले. भूपृष्ठाखाली बेसाल्टचा थर असून त्याच्या भेगांत व विघटित भागातच भूजल साठते. टेकड्यांवरून उतरणारे आंबील ओढा, नागझरी, भैरोबा नाला, राम नदी यांसारखे ओढेनाले एरवी क्षीण असले, तरी अतिवृष्टीत काही तासांतच ते फुगतात.

पेशवेकालीन जलव्यवस्था : राष्ट्रकूट ताम्रपटांत (इ. स. ७५८ व ७६८) पुण्य विषय, पूनक विषय असे जे उल्लेख येतात, ते या प्रदेशाचे मानले जातात. प्रारंभीची वस्ती मुठेच्या उजव्या तीरावर, नागझरी व मुठा यांच्या दरम्यान, म्हणजे आजच्या कसबा पेठेत होती. निजामशाही व आदिलशाही यांच्या संघर्षात १६३० च्या सुमारास हे गाव उद्ध्वस्त झाले. शहाजी राजांच्या जहागिरीची व्यवस्था पाहताना दादोजी कोंडदेवांनी ते पुन्हा वसविले. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये शनिवारवाड्याचे बांधकाम सुरू केले. राजकीय केंद्र येथे आल्यावर सरदार, सावकार, कारागीर व भिक्षुक यांची दाटी झाली व पेठांमागून पेठा वसत गेल्या.

पेठा वसविण्याची पद्धत हे त्या काळातील नियोजनच होते. नव्या पेठेसाठी जागा नेमून देऊन ती वसविण्याचे काम एखाद्या शेटे-महाजनाकडे किंवा सरदाराकडे सोपविले जाई व रहिवाशांना काही वर्षे करांत सूट मिळे. परंतु लोकवस्ती वाढली तशी विहिरी व नदी यांवर भागेना. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी (१७२१–६१) १७५० च्या सुमारास कात्रजच्या घाटाखाली आंबील ओढ्यावर तलाव बांधून तेथून शहरापर्यंत दगडी भुयारी नळ आणविला. माणूस वाकून चालू शकेल एवढ्या या नळावर ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास ठेविलेले होते. पाणी केवळ उताराने वाहत शनिवारवाड्यातील कारंज्यांत व पेठांमधील सार्वजनिक हौदांत येई. जलस्थितिकीचे साधे तत्त्व अचूक उतार राखून कित्येक किलोमीटर राबविणारी ही योजना तत्कालीन स्थापत्याचा उत्तम नमुना असून तिचे अवशेष अद्याप आढळतात.

याच काळात आंबील ओढ्याचा प्रवाह वळविण्यात आला. पूर्वी हा ओढा वस्तीजवळून वाहत असे व पावसाळ्यात उपद्रव देई. तो पश्चिमेस वळवून मुठेला मिळविण्यात आला व पर्वतीच्या पायथ्याशी तळे करण्यात आले. हे तळे पुढे बुजवून त्या जागी सारसबाग झाली. ओढा वळविल्याने पेठांच्या वाढीला मोकळी जागा मिळाली. तथापि वळविलेला प्रवाह ज्या सखल भागातून जातो, त्या भागात त्याला पुरेशी रुंदी ठेवण्याची जबाबदारी पुढील पिढ्यांवर आली. तिचा विसर पडल्याचे परिणाम अडीचशे वर्षांनंतर दिसून आले.

ब्रिटिश अमदानी : १८१८ नंतर शहराच्या पूर्वेस लष्कर व उत्तरेस खडकी येथे छावण्या वसल्या. त्यामुळे जुने शहर, छावणी व नदीपलीकडील बंगल्यांची वस्ती असे तीन भिन्न घटक निर्माण झाले व त्यांचा कारभार वेगवेगळा राहिला. पुण्याची नगरपालिका १८५७ मध्ये स्थापन झाली. मुळा-मुठेवरील येरवड्याजवळचा बंधारा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने १८५० मध्ये पूर्ण झाला व छावणीस पाणी मिळू लागले. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला आणि पुणे मुंबईस जोडले गेले.

या काळातील निर्णायक घटना म्हणजे खडकवासला येथे मुठेवर बांधलेले धरण. कर्नल फाइफ यांनी आखलेल्या या दगडी धरणाचे काम १८६९ च्या सुमारास सुरू होऊन १८७९-८० मध्ये संपले. दख्खनमधील वारंवारच्या दुष्काळांवर उपाय म्हणून कालव्याने शेतीस पाणी देणे आणि छावणी व शहर यांना पेयजल पुरविणे, असे त्याचे दोन हेतू होते. म्हणजे शहर व शेती यांची एका जलाशयातील भागीदारी प्रारंभापासूनच आहे. येथेच मो. विश्वेश्वरय्या यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसविण्यात आले. जलपातळी ठराविक उंचीवर आली, की ते आपोआप उघडत व पूर ओसरला, की मिटत. भिंतीची उंची न वाढविता साठा वाढविणारी ही रचना पुढे इतर धरणांवरही वापरली गेली.

मुठा उजव्या कालव्यामुळे हडपसर, मांजरी, लोणी काळभोर या पट्ट्यात ऊस व भाजीपाल्याची बागाईत वाढली. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांचा या व्यवहाराशी दुहेरी संबंध होता. खडकवासल्याच्या बांधकामास त्यांनी कंत्राटदार म्हणून माल पुरविला आणि कालव्याचे पाणी आल्यावर मांजरी येथे जमीन घेऊन उसाची लागवड केली. १८७६ पासून काही वर्षे ते नगरपालिकेचे सदस्यही होते. शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात त्यांनी मोठ्या धरणांबरोबरच डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी व गाळ जागीच अडवावेत, असे सुचविले. पाणलोट क्षेत्राच्या विकासाची जी कल्पना पुढील शतकात शासकीय धोरणात आली, तिचे हे मराठीतील महत्त्वाचे पूर्वरूप होय.

१८९६-९७ च्या प्लेगने दाट वस्तीचे धोके उघड केले. त्यानंतर नदीपलीकडे मोकळ्या जागेत राहावयास जाण्याकडे सुस्थित वर्गाचा कल वाढला. मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ हा देशातील या विषयावरचा पहिला कायदा. त्यान्वये जमिनींचे तुकडे एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक जागा वगळून, उरलेले भूखंड मूळ मालकांना परत देण्याची पद्धत रूढ झाली. भांबुर्डे (आजचे शिवाजीनगर) व एरंडवणे या गावांच्या शेतजमिनींवर अशा योजना आखल्या गेल्या. डेक्कन जिमखाना परिसरातील रुंद रस्त्यांचा व झाडीचा पुणेकरांना वाटणारा अभिमान मुळात या भूखंड-पुनर्रचनेचे फळ आहे. भार आणि लाभ जमीनमालकांत समप्रमाणात वाटले जातात, हा या पद्धतीचा विशेष होय.

शेतजमिनीच्या स्थितीचाही याच सुमारास शास्त्रीय अभ्यास झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीचे लहान लहान विखुरलेले तुकडे, कर्जबाजारीपणा व रोजगारासाठी जवळच्या छावणीवर व शहरावर असलेले अवलंबन त्यांनी आकडेवारीनिशी दाखविले. शहराच्या सान्निध्याने खेड्याची अर्थव्यवस्था कशी बदलते, याचे हे भारतातील एक आद्य अध्ययन. हेच गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतील बहुमजली इमारतींचे उपनगर झाले आहे.

मुळशीचा प्रश्न : मुळेच्या उगमाकडील पाणी अडवून ते पश्चिमेस घाटाखाली सोडावयाचे व भिरा येथे वीज निर्माण करून मुंबईच्या गिरण्यांना द्यावयाची, अशी योजना टाटा कंपनीने हाती घेतली. तीत सु. पन्नास गावे व मावळातील उत्तम भातजमीन बुडणार होती. याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट (१८८०–१९६७) व विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. धरणग्रस्तांचा हा देशातील पहिल्या संघटित लढ्यांपैकी एक मानला जातो. १९२४ पर्यंत तो मावळला व धरण पूर्ण झाले. अनेक सावकार-जमीनदारांनी मोबदला स्वीकारला. कुळांच्या हाती मात्र फारसे काही पडले नाही. या योजनेमुळे मुळेचे मूळचे पूर्ववाहिनी पाणी कायमचे पश्चिमेस वळले. दूरच्या नगराच्या गरजेसाठी उगमाकडील लोकांनी जमीन द्यावी काय व दिल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न येथे प्रथम स्पष्टपणे मांडला गेला आणि पानशेत, वरसगाव, पवना अशा पुढील प्रत्येक धरणाच्या वेळी तो पुन्हा उपस्थित झाला.

प्रादेशिक नियोजनाचा उदय : नदीचे खोरे हा नियोजनाचा नैसर्गिक घटक मानावा, हा विचार विसाव्या शतकात जगभर पुढे आला. पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांनी डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा खोऱ्याचा छेद घेऊन त्यातील व्यवसाय व वस्त्या यांचा परस्परसंबंध दाखविला. ते १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरण (१९३३) व त्या धर्तीवरील भारतातील दामोदर खोरे निगम (१९४८) ही या विचाराची मूर्त रूपे. जर्मनीतील रूर व एम्शर खोऱ्यांत नगरपालिका व कारखाने यांचे सहकारी संघ नदीच्या शुद्धीकरणाचा खर्च आपसांत वाटून घेत आले आहेत.

पुण्यात या विचाराला अर्थशास्त्रीय पाया धनंजयराव गाडगीळ (१९०१–७१) यांनी दिला. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने त्यांनी केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. पुढे १९६५ मध्ये शासनाने मुंबई-पनवेल व पुणे या महानगर प्रदेशांच्या नियोजनाची तत्त्वे ठरविण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शहराच्या हद्दीतील आराखडा अपुरा असून त्याभोवतीच्या संपूर्ण प्रदेशाचा एकत्र विचार करावयास हवा, उद्योग व रोजगार यांचे विकेंद्रीकरण व्हावयास हवे, अशी या समितीची भूमिका होती. त्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ संमत झाला आणि प्रादेशिक आराखड्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पुणे महानगरपालिका १९५० मध्ये स्थापन झाली होती. तिचा पहिला विकास आराखडा १९६६ मध्ये व दुसरा १९८७ मध्ये मंजूर झाला.

पानशेत प्रलय : या सर्व घडामोडींच्या ऐन मध्यावर १२ जुलै १९६१ ची दुर्घटना घडली. आंबीवरील पानशेत धरणाचे काम चालू होते. जलनिर्गमाची रचना अपुरी असतानाच त्या पावसाळ्यात जलाशय भरू लागला. निर्गममार्गावरील मातीचा भराव खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरण्याचा प्रयत्न केला. परंतु सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले व दुपारी पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मोठी मनुष्यहानी झाली, हजारो कुटुंबे निराधार झाली. दोन्ही जलाशय रिकामे झाल्याने महापुरात सापडलेल्या शहराला दुसऱ्याच दिवसापासून पिण्याच्या पाण्याची टंचाई भासू लागली. त्या वेळी विहिरी व कात्रजचा जुना नळ यांचा पुन्हा आधार घ्यावा लागला.

मदत व पुनर्वसनाच्या कार्यात महानगरपालिकेचे पहिले आयुक्त राहिलेले स. गो. बर्वे (१९१४–६७) यांचा मोठा वाटा होता. दुर्घटनेच्या कारणांची चौकशी न्यायमूर्ती नाईक आयोगाने केली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर इ. वसाहती उंचावरील जागी उभारण्यात आल्या व पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था स्थापन झाल्या. अशा रीतीने जुन्या पेठांबाहेर शहराचा विस्तार होण्यास महापूर हे एक मोठे कारण ठरले. मात्र नदीकाठच्या ज्या जागा पुराने मोकळ्या झाल्या, त्यांपैकी बऱ्याच जागांवर पुढे पुन्हा वस्ती झाली. पूर धरण फुटल्याने आला, पावसाने नव्हे. तेव्हा तो पुन्हा येणार नाही, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत नियोजनाच्या दृष्टीने घातक होती.

उद्योगीकरण व पाण्याची नवी वाटणी : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा शासकीय कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या पट्ट्यात वाहने, यंत्रे व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने आले. त्यांना व नव्या वस्तीला पवना धरणाचे (१९७२) पाणी मिळाले. पिंपरी-चिंचवडला १९८२ मध्ये स्वतंत्र महानगरपालिका मिळाली. मुठा खोऱ्यात पानशेत पुन्हा बांधले गेले, पुढे मोसीवर वरसगाव व मुठेच्या उगमाजवळ टेमघर ही धरणे झाली. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार जलाशयांचा एकत्रित उपयुक्त साठा सु. २९ अब्ज घनफूट आहे.

शहराची लोकसंख्या मात्र याहून वेगाने वाढली. महानगरपालिका क्षेत्रात १९५१ मध्ये सु. ४.८ लाख लोक होते. २०११ मध्ये ते ३१ लाखांवर गेले व पिंपरी-चिंचवडमध्ये आणखी १७ लाखांवर लोक होते. खडकवासला प्रकल्प मुख्यत: सिंचनासाठी आखला असला, तरी त्यातील वाढता वाटा शहराकडे वळला आणि हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी आवर्तनाची वाट पाहू लागले. शहराने वापरलेले पाणी शुद्ध करून शेतीस परत द्यावयाचे, हा त्यावरील तर्कशुद्ध तोडगा होता. मुंढवा येथून असे पाणी उचलून कालव्यात सोडण्याची योजना २०१५ च्या सुमारास कार्यान्वित झाली. तिची उपयुक्तता शुद्धीकरण कितपत पूर्ण होते यावर अवलंबून आहे. कारण अपुरे शुद्ध केलेले पाणी शेतीत व विहिरींत उतरले, तर शहराचा रोग खेड्यात जातो.

कालव्याच्या बागाईत जमिनीही शहराने व्यापल्या. त्यात हडपसरजवळील मगरपट्टा येथील प्रयोग वेगळा आहे. तेथील शेतकरी कुटुंबांनी आपल्या सु. ४०० एकर जमिनी न विकता एकत्र केल्या व विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वत:च नगर वसविण्यास प्रारंभ केला. जमिनीच्या प्रमाणात त्यांना कंपनीत भाग मिळाले. नगररचना योजनेतील समवाटपाचे तत्त्व येथे खाजगी रीतीने उतरले. याउलट वरसगाव जलाशयाच्या काठी डोंगरउतारावर उभारलेल्या लवासा या नव्या नगराबाबत पर्यावरणविषयक परवानग्यांचा वाद होऊन केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये काम थांबविण्याची नोटीस दिली. पेयजलाच्या पाणलोटात नगर वसवावे काय, हा त्या वादातील मूळ मुद्दा होता.

नदीपात्र, पूररेषा व प्रदूषण : नदी म्हणजे केवळ उन्हाळ्यात दिसणारी पाण्याची धार नव्हे. सु. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने नकाशावर दाखविली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई व दोन रेषांमध्ये निर्बंध, हे तत्त्व मान्य आहे. त्यामागील कारण साधे आहे. पात्राचा छेद भराव, रस्ता वा भिंत घालून अरुंद केला, तर तेवढेच पाणी वाहून नेण्यासाठी पातळी वर चढते वा वेग वाढतो. पुराचे संकट टळत नाही, ते फक्त समोरच्या तीरावर किंवा खालच्या गावाकडे ढकलले जाते. मुठेच्या पात्रालगत विठ्ठलवाडीजवळ टाकलेल्या रस्त्याच्या भरावाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये आदेश दिले, ते याच कारणास्तव. नदीकाठावरील प्रदूषणकारी उद्योगांना अंतराची मर्यादा घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्द करण्यात आले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरातील अतिवृष्टीने आंबील ओढ्यास पूर येऊन वीसहून अधिक माणसे दगावली. अठराव्या शतकात वळविलेल्या या ओढ्याचे पात्र बांधकामांनी व संरक्षक भिंतींनी आकसले होते. धरण न फुटताही पुण्यात प्राणघातक पूर येऊ शकतो, हे त्या रात्री सिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, मुठा उजव्या कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटून झोपडवस्तीत पाणी शिरले होते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील घरे बुडाली. या घटनांतील बाधित बहुतांशी अशा जागी राहत होते, जी नकाशावर नदीची वा ओढ्याची होती व व्यवहारात घरांची झाली होती. त्या रहिवाशांना ती जागा विकणारे, मंजूर करणारे वा तिकडे दुर्लक्ष करणारे पुराच्या वेळी तेथे नव्हते.

प्रदूषणाचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. शहराच्या मलजलाचा मोठा भाग दीर्घकाळ अपुऱ्या शुद्धीकरणानिशी नदीत जात राहिला व खालच्या अंगास जलपर्णी आणि दुर्गंधी यांचा उपद्रव झाला. जपानच्या अर्थसाहाय्याने ११ मलशुद्धीकरण केंद्रे उभारण्याची, प्रतिदिनी ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची, योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. दुसरीकडे मुळा, मुठा व मुळा-मुठा यांच्या सु. ४४ किमी. लांबीचे काठ सुशोभित करण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. काठ लोकांना खुला व्हावा, हा त्याचा पुरस्कर्त्यांच्या मते हेतू आहे. तर आधी पाणी शुद्ध करावे, काठावरील वृक्ष व पुराची जागा राखावी, असा आक्षेपकांचा आग्रह आहे. नेदर्लंड्समध्ये २००६ नंतर बंधारे मागे घेऊन नदीला अधिक रुंदी देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले, हा अनुभव या संदर्भात विचारार्ह ठरतो.

टेकड्यांचाही नदीशी संबंध आहे. पावसाचे पाणी मुरविणाऱ्या या भागांपैकी समाविष्ट गावांतील ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी राखण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. तथापि हद्द वाढली, त्या वेगाने नळ व गटारे पोहोचली नाहीत. २०२५ च्या आरंभी सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गीयाँ-बारे या मज्जाविकाराची साथ उद्भवली आणि दूषित पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. खडकवासल्याच्या भिंतीखाली काही किलोमीटरांवर राहणाऱ्यांना शुद्ध पाणी मिळू नये, ही विसंगती बोलकी आहे.

समालोचन : या खोऱ्यातील नियोजनाचा इतिहास पाहता तांत्रिक कौशल्याची उणीव येथे क्वचितच होती. कात्रजचा नळ, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, नगररचना योजना व गाडगिळांची पाहणी ही त्याची साक्ष आहेत. उणीव राहिली ती एका खोऱ्याच्या एकत्र विचाराची. धरणे पाटबंधारे खात्याकडे, नळ व गटारे दोन महानगरपालिकांकडे, छावण्या संरक्षण खात्याकडे, औद्योगिक क्षेत्रे महामंडळाकडे व भोवतालची गावे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, अशी विभागणी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) महानगर नियोजन समितीची तरतूद केली. परंतु मुळशीपासून उजनीपर्यंतच्या पाण्याचा एकत्र हिशोब ठेवणारी व तो लोकांपुढे मांडणारी यंत्रणा अद्याप उभी राहिलेली नाही.

टिकाऊ विकास याचा या खोऱ्यापुरता अर्थ फारसा गूढ नाही. उगमाकडील विस्थापितांना न्याय, पुराच्या पाण्याला त्याची जागा, वापरलेल्या पाण्याचे पूर्ण शुद्धीकरण व कालव्याच्या अखेरच्या शेतकऱ्याला त्याचा वाटा, या चार गोष्टींची हमी ज्या आराखड्यात असेल, तो आराखडा खोऱ्याचा म्हणता येईल. त्यांपैकी एकही गळाली, तर तिचा भार कोणावर तरी पडतो. आणि आजवर तो बहुधा धरणात जमीन गेलेल्या मावळ्यावर, ओढ्याकाठच्या झोपडीवर किंवा नदीच्या खालच्या अंगास राहणाऱ्या गावावर पडत आला आहे.